बाहेरून कुणी हात लावला नाही तर

आमच्या अकरावीच्या पुस्तकात एक गोरी बाई बर्फावर गिरकी घेत असे. हात पसरले की हळू, हात छातीशी घेतले की जोरात. खाली लिहिलेलं असे: कोनीय संवेगाची अक्षय्यता. ते पुस्तक बदललं, त्याच्यानंतरचंही बदललं, आता माझी नात मोबाईलवर शिकते, पण ती बाई तिथंही गिरक्या घेतेच आहे. भिवंडीतल्या मुलींनी बर्फ पाहिलेला असतो तो मासळीवर आणि रसाच्या गाड्यावर. त्यावर उभं राहून गिरकी घ्यायची कल्पना कुणाच्या डोक्यात येणार?

ही अडचण माझ्या कॉलेजातल्या सहशिक्षिका तरेबाईंनी पहिल्याच वर्षी सोडवली होती. पुस्तक मिटलं, बाकं मागं सरकवली, पुढच्या बाकावरच्या दोन मुलींना उठवलं आणि म्हणाल्या, "घाला फुगडी."

मुली हसायला लागल्या. वर्गाबाहेरून जाणारा शिपाई थांबला. "लाजता काय? गौरीला घालता ना? घाला." मुलींनी हातात हात गुंफले, पाय जुळवले, मागं रेलल्या आणि फिरायला लागल्या. "आता पाय मारू नका. नुसत्या एकमेकींच्या जवळ या. अजून जवळ." मुली जवळ आल्या आणि वेग असा वाढला की एकीची वेणी सुटली. सगळा वर्ग ओरडत होता. बाईंनी अंबाड्यात खोचलेला खडू काढला आणि फळ्यावर एकच ओळ लिहिली: बाहेरून कुणी हात लावला नाही तर.

नियम नंतर. अट आधी. हा त्यांचा बाणा होता.

मी मागच्या दाराशी उभी राहून हे बघत होते आणि मनात नाकं मुरडत होते, हे सांगितलंच पाहिजे. तेव्हाची मी म्हणजे काय प्रकरण होतं! नवीकोरी एमएस्सी, कडक इस्त्रीची साडी, दोन पिना जास्तच लावलेल्या. कोन गावातून एमएस्सी झालेली पहिली मुलगी, आणि ही गोष्ट मी रिक्षावाल्यालासुद्धा सांगायची. पदार्थविज्ञान ही गंभीर गोष्ट आहे आणि ती गंभीर चेहऱ्यानंच शिकवली पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. माझ्या तासाला मुली झोपायच्या. मला वाटायचं, त्या विचार करताहेत.

कुसुम तरे माझ्यापेक्षा थोडी मोठी. काल्हेरची सून. उंच, हाडाची रुंद, चालताना छत्री तलवारीसारखी पुढं. डब्यात सुके बोंबील आणि भाकरी, प्रयोगशाळेच्या वासात तो वास मिसळला की मुली म्हणायच्या, "तरे मॅडम आल्या." उकडलेल्या शेंगा खात खात ती जर्नल तपासायची, आणि चुकलेल्या वाचनावर शेंगेच्या पाण्याचा ठसा उमटायचा. पहिल्या आठवड्यात मी तिला 'अहो तरे मॅडम' म्हणत होते. महिन्याभरानं ती मला 'शारदे' म्हणायला लागली आणि मी तिला 'कुसुम'.

आमचं कॉलेज मुलींचं. सायन्सची एकच तुकडी, तीही विनाअनुदानित, म्हणजे दरवर्षी जून आला की जीव टांगणीला. पुरेशा मुली आल्या तर तुकडी, नाही तर कुलूप. इमारत तीन मजली, आणि तिच्याच मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. दिवसभर खटखट. सुताची कांडी घेऊन धोटा या टोकाकडून त्या टोकाला, त्या टोकाकडून या टोकाला. आमच्या प्रयोगशाळेतल्या तराजूचा काटा कधी स्थिर राहिला नाही. मुली वहीत वाचनाच्या पुढं लिहायच्या, 'लूम बंद असताना'. बोर्डाकडून आलेल्या परीक्षकांना ते काय असतं ते कळायचं नाही.

मी वैतागायची. कुसुम खूश व्हायची. "अगो, फुकटचा प्रयोग आहे. तो बघ, धोट्याला फटका बसला. धोटा तिकडं, तर लूम इकडं. लूम फरशीला बोल्टानं बांधलेला, म्हणून फरशी इकडं. फरशीची भिंत, भिंतीचा आपला मजला, मजल्याचं टेबल, टेबलाचा काटा. आणि शेवटी सगळं पृथ्वीला."

"पृथ्वी हलते?"

"हलते तर! मोठी आहे म्हणून बोलत नाही."

वीज गेली की ती वाक्य अर्धं सोडून बोट वर करायची. मागची खटखट एकदम थांबत नसे. चाकं थोडा वेळ फिरत राहायची, आवाज जड होत होत विझायचा. "ऐका," ती मुलींना म्हणायची, "वीज गेली, पण चाकाला अजून कळलेलं नाही." शेअर रिक्षात ब्रेक लागून शेजारचा माणूस अंगावर आला की ती त्याला कोपरानं सरळ करून म्हणायची, "भाऊ, तुमचा मोमेंटम तुमच्याजवळ ठेवा." आणि कुणाचं काही हरवलं, छत्री म्हणा, डबा म्हणा, की तिचा प्रश्न ठरलेला: "हरवलं म्हणजे काय? मिळालं कुणाला ते विचार."

तिच्या फुगडीला मागं टाकायचं म्हणून मी एक पराक्रम केला. ओळखीच्या दाताच्या डॉक्टरकडून फिरतं स्टूल आणलं. इंग्रजी पुस्तकात त्यावर बसून दोन हातांत वजनं धरतात. आमच्याकडं वजनं नव्हती म्हणून घरचा एक आणि शेजारणीचा एक, असे दोन वरवंटे आणले. पदर खोचून स्टुलावर बसले, हात पसरले, आणि मुलींना म्हटलं, "मला फिरवा." त्यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी अशी काही फिरवली की मला फळा दिसेनासा झाला. वरवंटे छातीशी ओढले तर वेग आणखी वाढला. घाबरून पुन्हा हात लांब केले आणि घामेजल्या हातातून एक वरवंटा सुटला. तो गेला तो थेट वायुभारमापकाच्या काचेच्या कपाटात.

आवाज ऐकून प्राचार्य धावत आले. मी स्टुलावर अजून फिरतच होते. दर फेरीला मला त्यांचा चेहरा एकदा दिसायचा, आणि दर फेरीला तो अधिक लाल. कुसुम शेजारच्या वर्गातून आली होती. तिनं एका हातानं मला थांबवलं, मुलींकडं वळून म्हणाली, "बघितलंत? सुटलेली वस्तू गोल जात नाही, सरळ जाते. लिहून घ्या." मग प्राचार्यांना म्हणाली, "सर, हिला बसवून मी दाखवत होते. माझ्या हातून सुटला."

मी तोंड उघडलं, पण चक्कर इतकी आली होती की तोंडातून शब्द येईना. नंतर बोलता आलं असतं. बोलले नाही. ज्या बाईनं आपला दोष स्वतःच्या नावावर घेतला तिच्यासाठी आपण काय वाटेल ते करू, असं त्या दिवशी मी ठरवलं. सिनेमातल्या नायिकेसारखं, डोळ्यांत पाणी वगैरे आणून.

त्यानंतर आम्ही जोडीनं हिंडायला लागलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दहावीचा निकाल लागायच्या सुमारास, मुलींच्या घरोघरी. कोनला माझी ओळख, काल्हेरला तिची, गावातल्या गल्ल्यांत दोघींची हिंदी. माझी हिंदी ऐकून लोक मराठीत बोलायला लागायचे. मी नियम, टक्केवारी, भवितव्य असलं काही बोलायची. बायका पंखा घालत ऐकायच्या. मग कुसुम म्हणायची, "ताई, तुमची मुलगी माझ्यावर सोडा," आणि काम व्हायचं.

गौरीच्या दिवशी ती दरवर्षी माझ्या माहेरी कोनला यायची. एकदा दुपारी अंगणात आम्ही दोघींनी फुगडी धरली. भोवती आळीतल्या सगळ्या पोरी. फिरता फिरता तिनं विचारलं, "शारदे, आता मी हात सोडला तर तू कुठं जाशील?"

"पाठीमागं," मी धापा टाकत म्हटलं. "पाठीवर पडेन."

"एमएस्सी ना गो तू?"

पोरी खिदळल्या. माझी चुलत वहिनी तर पदर तोंडात घालून हसत होती. आणि चूकच होती माझी! वर्षानुवर्षं फळ्यावर स्पर्शिका काढणारी मी. पण मागं रेललेलं असताना जीव सांगतो की मागंच पडणार. कुसुम म्हणाली, "मागं नाही, बाजूला जाशील. जिकडं बघतही नाहीस तिकडं." आणि तिनं हात आणखी घट्ट धरला, कारण मी खरंच घाबरले होते.

फरजाना आली ती आमच्या अशाच एका फेरीत. तिचे वडील अन्सारीभाई लूमवर जॉबर होते, बिघडलेले लूम लावून द्यायचे. घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. मुलीनं दहावीला गणितात वर्गात पहिला नंबर काढला होता, आणि ते तिला घराजवळ कॉमर्सला घालणार होते.

"मॅडम, कल्याण-वल्याण नहीं भेजूंगा," ते म्हणाले. "और सायन्स करके आगे तो भेजना ही पडेगा."

"आगे की आगे," कुसुम म्हणाली. "दो साल तो यहीं है. जब तक मैं हूं, क्लास है."

"जबान दे रही हो?"

"दे रही हूं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मीही मान हलवली. तेव्हा ते म्हणाले, "आप दोनों हो, इसलिए हां बोल रहा हूं."

ही फरजाना बुटकी, ओठांवर ओठ घट्ट दाबून बसणारी. कधी हसायची नाही, म्हणून मला ती फार आवडायची. त्या वर्षीच्या फुगडीच्या तासानंतर तिनं हात वर केला. "मॅडम, दोघी सारख्याच वजनाच्या. एक इकडं जाते तेव्हा दुसरी तिकडं. दोघींचा मिळून मोमेंटम शून्यच. मग हे फिरण्याचं आलं कुठून?"

कुसुमनं हातातली शेंग खाली ठेवली. मी मागं उभी होते. मला उत्तर येत होतं, पण हा प्रश्न मला आयुष्यात सुचला नव्हता. कुसुम म्हणाली, "सरळ जाण्याचा हिशेब वेगळा, फिरण्याचा वेगळा. एक शून्य असला म्हणून दुसरा शून्य असेलच असं नाही. आणि आलं कुठून म्हणशील, तर पाय मारले ना सुरुवातीला? जमिनीकडून घेतलं." मग अंबाड्यातला खडू काढून तिनं तो फरजानाच्या हातात ठेवला. "पुढचं तू शिकव."

त्या दिवशी रिक्षात ती मला म्हणाली, "ही पोर माझ्यापुढं जाईल. बारावी होऊ दे, मग बघ." तेव्हा फरजानाचं अकरावीचं वर्ष संपत आलं होतं.

त्या उन्हाळ्यातही आम्ही नेहमीसारख्या हिंडलो. अकरावीला नव्या मुली मिळाल्या तर तुकडी राहणार, आणि तुकडी राहिली तरच फरजानाच्या वर्गाला बारावी. संस्थेनं स्पष्ट सांगितलं होतं: या वर्षी पट भरला नाही तर दोन्ही वर्ग बंद. पण पट भरणार होता. घराघरांतून हो आलं होतं. मी इतकी निर्धास्त होते की वेळापत्रकसुद्धा आखून ठेवलं, रंगीत पेनांनी.

जून उजाडला. कॉलेज सुरू झालं. मुली आल्या नाहीत. कुसुम आली नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं, पाऊस. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुणी आजारी असेल. फोन उचलत नव्हती, तर मला काळजी वाटायला लागली तिची! सकाळी वर्ग उघडायचा, फळा पुसायचा, तिच्या टेबलावरची धूळ झटकायची, हे मी चालूच ठेवलं होतं. वीज केव्हाच गेली होती, आणि चाक फिरत होतं.

रविवारी कोनला गेले तर चुलत वहिनीनं दारातच माझ्या कपाळाला हात लावला. "बरं हाय का गो आता?"

"मला काय झालंय?"

"तुझं बीपी वाढलं होतं ना? तरेबाय बोलली."

"कधी बोलली?"

"अगो, तुम्ही दोघी आलतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच परत आली. बोलली, शारदाला बरं न्हाय, तिनंच मना पाठवलंय. बोलली, कालेजचं काय खरं न्हाय, पोरीला क्लासातच घाला. नवा क्लास निघतोय, डाक्टर-इंजिनियरचा. शारदाचं पण तेच मत हाय, पण तिला तोंडानं बोलता येत न्हाय, नोकरी हाय ना." वहिनी माझ्याकडं बघत राहिली. "तुझंच मत ना गो?"

त्या दुसऱ्या दिवशी मी धडधाकट होते. घरी बसून भरल्या वांग्यांचा मसाला वाटत होते आणि आदल्या दिवशी किती मुली मिळाल्या याचा आनंद मानत होते.

मी आळीतून चालत गेले. एक घर, दुसरं घर. सगळीकडं तेच. आम्ही दोघी जिथं गेलो तिथं दुसऱ्या दिवशी ती एकटी. सगळीकडं माझी तब्येत बिघडलेली. ऐपतवाल्या घरांतली एकही मुलगी तिनं सोडली नव्हती. त्या मुलींचे प्रवेश लांबच्या कुठल्यातरी कॉलेजात नावापुरते, आणि दिवसभर क्लास. तिथं शिकवायला कुसुम.

मी पाठीमागं पडेन असंच इतकी वर्षं धरून चालले होते, की असं काही झालं तर रडेन, आजारी पडेन, अंथरूण धरेन. त्यातलं काही झालं नाही. मी भलतीकडंच गेले. प्राचार्यांशी भांडले. नवऱ्याशी भांडले. ज्या शिपायाचा काही संबंध नव्हता त्याला किल्लीवरून बोलले. भाड्याची रिक्षा आणि भोंगा घेऊन गल्लीगल्लीत 'मुलींनो, सायन्सला या' असं ओरडत फिरले, माझ्या त्या हिंदीत. लोक गॅलरीत येऊन बघायचे. एकानं विचारलं, कितीला आहे. त्याला वाटलं, चादरी विकते आहे.

तुकडी गेली.

अन्सारीभाई कॉलेजात आले. आत आले नाहीत, फाटकाशीच उभे राहिले. म्हणाले, "दूसरी मॅडम कहां है?" मी सांगितलं. मी म्हटलं, कल्याणला पाठवा, मी रोज सोबत जाईन, मी आणेन. ते म्हणाले, "जबान आप दोनों की थी, मॅडम." फरजाना त्यांच्यामागं उभी होती, ओठांवर ओठ दाबून. तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिनं आमच्याच कॉलेजात कॉमर्सला नाव घातलं. जिन्यात भेटली की मान खाली घालून बाजूला व्हायची. तिची काय चूक होती?

मग मी क्लासात गेले. काचेचं दार, गार हवा, आणि दारावर कुसुमचा हसरा फोटो. आत ती शिकवत होती. मी काचेतून बघितलं. तिनं नवं फिरतं स्टूल आणलं होतं, आवाज न करणारं. वरवंट्यांऐवजी व्यायामाचे डंबेल्स. एक मुलगा स्टुलावर फिरत होता. कुणी हसत नव्हतं. सगळे लिहून घेत होते. फळ्यावर नियम लिहिलेला होता, सूत्र लिहिलेलं होतं. ती अट मला कुठं दिसली नाही. कदाचित मी नीट बघितलं नसेल. तेव्हा मला नीट काहीच दिसत नव्हतं.

ती बाहेर आली. मला बघून थबकली नाही. "ये शारदे. बस. पाणी?"

"मला बीपी आहे म्हणे."

ती खुर्चीत बसली. "तुझं नाव घेतलं नसतं तर कोनमधल्या एकीनंही पोर दिली नसती."

मी मनात काय काय जुळवून आणलं होतं! माफी मागेल, रडेल, नवऱ्यानं भाग पाडलं म्हणेल. या सरळ उत्तरापुढं ते सगळं तसंच राहिलं.

"मला विचारलं असतंस," मी म्हटलं.

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. "ती तुकडी तशीही दोन वर्षांत बंद पडली असती, शारदे. तुलाही माहीत होतं."

"मग दोन वर्षांनी पडली असती. मध्ये फरजाना बाहेर पडली असती."

"तू माझ्या जागी असतीस तर..."

"मी तुझ्या जागी कधीच नव्हते. मी तुझ्या शेजारी होते."

हे वाक्य मला तिथल्या तिथं सुचलं याचा मला अजूनही अभिमान आहे. आयुष्यात वेळेवर सुचलेलं ते एकच. नंतर मात्र मी सगळा विचका केला, विचारलं, "सगळ्यांच्या घरी परत गेलीस, तिच्या घरी का नाही गेलीस?" आणि विचारताना रडू फुटलं.

कुसुम खिडकीकडं बघत म्हणाली, "फी त्यांना झेपली नसती." तेवढ्यात घंटा झाली आणि ती तासाला गेली. वरवंट्याच्या वेळी माझा दोष तिनं आपल्या नावावर घेतला होता. आता स्वतःचं करणं माझ्या नावावर टाकलं. मी तिथल्या गार हवेत थोडा वेळ बसले आणि पाणी न पिता निघाले.

त्यानंतर संस्थेनं मला आपल्या शाळेकडं पाठवलं; निवृत्त होईपर्यंत मी आठवीला गणित शिकवलं. कुसुमचा क्लास वाढला, मग तिच्यापेक्षा मोठे क्लास आले आणि तिचं नाव पाट्यांवरून उतरलं. मला आनंद झाला. थोडा नाही, बऱ्यापैकी झाला. आजी झालेल्या बाईनं असं बोलू नये म्हणतात.

मागच्या थंडीत गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेले होते. बायकांच्या कुंडात गंधकाचा वास, वाफ, आणि वाफेत बसलेल्या माझ्यासारख्या दुखऱ्या गुडघ्यांच्या म्हाताऱ्या. मी पायरीवर चाचपडत होते तेव्हा आवाज आला, "इकडं ये. इथं पाणी सोसवतं."

कुसुम. केस सगळे पांढरे, अंगात ओला गाऊन. तिनं सरकून जागा केली. मी बसले. आता उठून जाणं गुडघ्यांना परवडणारं नव्हतं.

"डावा की उजवा?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

"माझाही डावा गेलाच आहे." तिनं तो पाण्यात लांब केला. मग ती म्हणाली, "फरजाना काय करते गो?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. "काल्हेरला गोडाऊनमध्ये आहे. सुपरवायझर. हाताखाली माणसं आहेत. माल कुठून आला, कुठं गेला, सगळं तोंडपाठ."

"शिकवत नाही?"

"तिला कोण शिकवणार होतं?"

कुसुमनं ओंजळीत पाणी घेतलं आणि गुडघ्यावर सोडलं. "मी गेले होते तिच्या घरी," ती म्हणाली. "तू भांडून गेलीस त्याच्यानंतर. म्हटलं, फी नको, काही नको, पोरीला माझ्याकडं पाठवा, मी सोबत नेईन, सोबत आणेन."

"मग?"

"बापानं दारातूनच सांगितलं. 'पहले दूसरी मॅडम को साथ लेके आओ.'"

मी पाण्यातच तिच्याकडं वळले. "मला का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

मी तिच्याकडं नीट बघितलं. वाफेत चेहरा धड दिसत नव्हता. खरं बोलत असेल का? खरं असेल तर एका फोनचं अंतर होतं, आणि मी गेले असते. शिव्या देत, पण गेले असते. खोटं असेल तर काय सुरेख रचलंय! आता आपल्या करणीतला अर्धा वाटा माझ्याही पदरात टाकून ती मोकळी. या बाईला दोन्ही जमण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत. अन्सारीभाई जाऊन खूप वर्षं झाली. त्यांना विचारायची सोय नाही.

वर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. तिच्यासोबतच्या बायका हाका मारायला लागल्या. ती कठड्याला धरून उठली, एकेक पायरी आडवी होऊन चढायला लागली. गाऊनमधून पाणी निथळत होतं. वरच्या पायरीवर टॉवेल घेऊन थांबलेल्या बाईनं तिला विचारलं, "कोण गो ती?"

"माझी जोडीदारीण," कुसुम म्हणाली. मागं वळून बघितलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्या बाईच्या आधारानं दाराबाहेर गेली.

खोटं बोलते आहे ती, असं त्या बाईला ओरडून सांगावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती खरंच त्यांच्या दारात गेली होती का, ते आधी फरजानाला विचारायला हवं. तिचा नंबर माझ्याकडं आहे. ईदला तिचा मेसेज येतो, मी फुलांचं चित्र पाठवते. फोन अजून लावलेला नाही.